पदनाम बदलून आणल्याने कारकुनाला परदेशाची वाट मोकळी होते का?

सामान्य कार्यालयीन लिपिक म्हणून आठ वर्षे काम केल्यानंतर या पेशाला पुढे काही भवितव्य आहे का आणि या अनुभवाच्या बळावर परदेशात स्थायिक होता येईल का, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण ओझरता उल्लेख केला आहे की, सल्लागाराने कार्यालयाकडून ‘पदनाम बदलून आणा’ असे सुचवले आहे. मी उत्तर लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे.

२०१७ साली मी चाळीस वर्षांची होते आणि एका खाजगी आस्थापनेत चौदा वर्षे कारकुनी करत होते. आवक-जावक, टपाल, फायली, हजेरीपट, लेखनसामग्रीचा साठा आणि ज्याला दुसरा कोणी वाली नाही असे प्रत्येक काम माझ्या टेबलावर येत असे. नेमणूकपत्रावर मात्र ‘प्रशासकीय सहायक’ असे भारदस्त पदनाम होते. ते मला एका वर्षी वेतनवाढीच्या ऐवजी मिळाले होते, आणि ही देवघेव कशी होते ते कारकुनांना समजावून सांगण्याची गरज नाही. कॅनडाला जाण्याची कल्पना माझ्या थोरल्या दिरांची. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. ते स्वतः कधी कुठे गेले नाहीत, पण दुसऱ्यांना पाठवण्याचा त्यांचा उत्साह दांडगा आहे. सल्लागारही त्यांनीच शोधला.

कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणात त्या वेळी सामान्य कार्यालयीन कर्मचाऱ्याचा क्रमांक १४११ होता आणि त्याची पातळी ‘क’ दर्जाची होती, म्हणजे एक्स्प्रेस एंट्रीसाठी (कुशल कामगारांना गुणांवर निवडून कायम वास्तव्य देणाऱ्या कॅनडाच्या पद्धतीसाठी) तो अनुभव मोजलाच जात नसे. प्रशासकीय सहायकाचा क्रमांक १२४१ होता आणि तो एक पायरी वर, पात्र व्यवसायांमध्ये होता. सल्लागाराचे म्हणणे असे की, पदनाम तर आपल्याकडे आहेच, आता फक्त अनुभवपत्र त्याला शोभेल असे हवे. त्याने मसुदाही करून दिला. त्या मसुद्यानुसार मी वरिष्ठांच्या भेटीगाठींचे वेळापत्रक ठरवत होते, सभांची इतिवृत्ते लिहीत होते आणि कार्यालयाची कार्यपद्धती आखत होते. वर्गीकरणाच्या सरकारी वर्णनातील वाक्ये त्याने जवळजवळ जशीच्या तशी उतरवली होती.

तो कागद सहीसाठी नेण्यापूर्वी मी एक उद्योग केला, आणि आजही मला तो माझ्या नोकरीतला सर्वांत शहाणपणाचा उद्योग वाटतो. तीन आठवडे मी एका जुन्या डायरीत प्रत्येक अर्ध्या तासाला काय केले ते लिहून ठेवले. तीन आठवड्यांत सभा दोन झाल्या, आणि दोन्ही सभांशी माझा संबंध खुर्च्या मोजणे आणि छायाप्रती काढणे एवढाच आला. कार्यपद्धती आखणे तर दूरच, टपालाची वही कोणत्या कपाटात ठेवायची हेसुद्धा मला विचारून ठरले नव्हते. निम्म्याहून अधिक वेळ नोंदी आणि फायलींत गेला होता. एकच काम असे निघाले की ज्यात मला डोके लावावे लागत होते: हजेरीपट आणि रजेचे अर्ज ताडून पाहून कोणाचा किती पगार कापायचा, हे लेखा विभागाला कळवणे.

भाऊजींचे मत ठाम होते. “अगं, शब्दच तर बदलायचे आहेत, तिथून कोण तुझी डायरी बघायला येणार आहे?” पण कॅनडात पदनामाला काडीची किंमत नाही. अर्जदाराने प्रत्यक्षात कोणती कामे केली आणि त्या व्यवसायाच्या वर्णनातील मुख्य कामांपैकी बरीचशी त्यात येतात का, हे अधिकारी पाहतात, आणि खोटी माहिती दिल्याचे ठरले तर पाच वर्षे अर्ज करण्याचा मार्ग बंद होतो. मी सही घ्यायला गेले नाही. घरात पुढे कित्येक महिने ‘चालून आलेली संधी हिने घालवली’ हे वाक्य वेगवेगळ्या निमित्तांनी माझ्या कानांवर पडत राहिले. माझे पती अशा वेळी वर्तमानपत्र वाचत असत.

त्या डायरीचा उपयोग असा झाला की, २०१८ मध्ये मी स्वतः अर्ज करून पगारपत्रक विभागात बदली मागून घेतली. कपाती, रजेचा हिशेब, अंतिम देणी हे सर्व मी तिथे शिकले. पण तेव्हाच्या वर्गीकरणात पगारपत्रकाचे कामही ‘क’ दर्जाचेच होते, त्यामुळे भाऊजींना टोमणे मारायला आणखी जागा मिळाली. मग १६ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅनडाने नवे वर्गीकरण लागू केले. जे सोळा व्यवसाय त्या दिवशी एक्स्प्रेस एंट्रीसाठी नव्याने पात्र ठरले, त्यांत पगारपत्रक सांभाळणाऱ्यांचा, म्हणजे १३१०२ क्रमांकाचा समावेश होता. माझे काम तेच, खुर्ची तीच, आणि अनुभवपत्रात एकही शब्द फुगवण्याची गरज नाही! फक्त त्याच्या चार महिने आधी मला पंचेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती आणि त्या गुणपद्धतीत पंचेचाळिसाव्या वर्षापासून वयाचे गुण शून्य होतात. भाऊजी म्हणतात, २०१७ मध्ये ऐकले असतेस तर आज तिकडे असतीस. मी म्हणते, असते, किंवा बंदीच्या पत्रासह इथेच असते. हा वाद अजून मिटलेला नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. नव्या वर्गीकरणात सामान्य कार्यालयीन लिपिकाचा क्रमांक १४१०० आहे आणि तो चौथ्या स्तरावर आहे. एक्स्प्रेस एंट्रीला शून्य ते तीन स्तरच चालतात. ऑस्ट्रेलियात सामान्य लिपिकाचा क्रमांक ५३११११ आहे आणि कुशल व्हिसाच्या व्यवसाय-याद्यांमध्ये तो नाही. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसाची किमान पातळी पदवी स्तरापर्यंत नेली, त्यामुळे साध्या कारकुनीला तिथे वाव उरलेला नाही. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला त्या कामासाठीच विशिष्ट पदवी लागते, तेव्हा तो विषयच सोडून द्यावा. थोडक्यात, ‘सामान्य’ हा शब्द पुसला जात नाही तोवर या पेशाला कोणी दार उघडत नाही. तो कागदावर पुसायचा की कामात, एवढाच प्रश्न आहे, आणि माझे उत्तर आपल्याला कळलेच असेल.

कामात तो पुसण्याचे मार्ग कार्यालयातच असतात. पगारपत्रक, जमाखर्च, खरेदी, आयात-निर्यातीची कागदपत्रे यांपैकी जे खाते आपल्या खोलीपासून सर्वांत जवळ आहे, त्यात शिरावे. परदेशी जायचे नसले तरी हे करावे, कारण यंत्रे आधी जे खाणार आहेत ते आपले सध्याचे काम आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०२३ च्या अभ्यासात कारकुनी गटातील २४ टक्के कामांवर नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोठा आणि आणखी ५८ टक्के कामांवर मध्यम परिणाम संभवतो असे आढळले होते, आणि इतर कोणत्याही व्यवसाय-गटाला एवढी झळ दिसली नव्हती. माझ्या अनुभवाने सांगते, नोंद करणारा माणूस आधी जातो आणि नोंद चुकली आहे हे ओळखणारा बराच काळ टिकतो.

दोन अपवाद सांगायचे राहिले. कॅनडाच्या अटलांटिक प्रांतांच्या योजनेत चौथ्या स्तराचा अनुभवही चालतो, म्हणजे तिथे लिपिकालाही जागा आहे. पण मान्यताप्राप्त नियोक्त्याची कायम नोकरी हातात हवी, आणि माणूस न पाहता त्याला नोकरीवर घ्यायला सहसा कोणी धजत नाही. तरीही मी वर ‘कोणी दार उघडत नाही’ असे लिहिले ते पूर्णपणे खरे नाही, हे मान्य करते. दुसरे, आपले वय पंचविशीच्या आसपास असेल तर जर्मनीत कार्यालयीन व्यवस्थापनाचे तीन वर्षांचे वेतनासहित व्यावसायिक प्रशिक्षण असते. त्यासाठी जर्मन भाषा मात्र साधारण ब-१ पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः सांभाळता येतील इतकी, आधी शिकावी लागते.

आपण वय लिहिलेले नाही. चाळिशी जवळ आली असेल तर खाते आजच बदलून मागा, कारण कॅनडाच्या पद्धतीत तिशीपासूनच दरवर्षी गुण घटत जातात. भाषेची परीक्षा मात्र घाईने देऊ नका, तिचा निकाल दोनच वर्षे चालतो आणि नव्या खात्यातला पात्र अनुभव किमान एक वर्षाचा व्हावा लागतो. आणि सल्लागाराने अनुभवपत्राचा तयार मसुदा हातात ठेवला, तर सहीला नेण्याआधी तीन आठवडे डायरी लिहून पाहा.