डीजेचा टर्नटेबल घरी चालेल का?

तुमच्या प्रश्नाचा मुद्दा असा: मिरवणुकांचं काम बंद करणारा ओळखीचा माणूस जुना टेक्निक्स एसएल-१२०० मार्क टू (रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल) देतोय, घरात वडिलांच्या शास्त्रीय संगीताच्या एलपी आहेत, आणि कुणीतरी सांगितलंय की डीजेची मशीन रेकॉर्ड खाते. माझं मत स्पष्ट आहे. मशीन घ्या. तिच्या आर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याला, लावलेली सुई मात्र वडिलांच्या रेकॉर्डला लावू नका.

एसएल-१२०० हे मॉडेल १९७२ साली आलं ते घरी ऐकणाऱ्यांसाठीच. डीजेंनी ते नंतर उचललं. त्यात बेल्ट नाही, मोटर थेट प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची तबकडी) फिरवते, आणि मार्क टूमध्ये वेग घड्याळासारखा क्वार्ट्झच्या स्फटिकावर बांधलेला असतो. शास्त्रीय संगीताला हे फार लागू पडतं. वेग जरा जरी डगमगला तरी सगळ्यात आधी तंबोऱ्याचा सूर हलतो. विलंबित ख्यालात तंबोऱ्याची जवारी (तारांची गुंज) लांब, सरळ ऐकू आली की समजायचं, मोटर ठीक आहे.

दुसरा फायदा आपल्या यंत्रमागांच्या गावातला. मी अशोक चौकाकडे राहतो, पलीकडच्या भिंतीला यंत्रमाग. माझा आधीचा हलका बेल्टवाला टर्नटेबल मागाचा ठोका सुईतून उचलायचा, आवाज वाढवला की स्पीकरमधून धडधड यायची. मार्क टू बारा किलोच्या आसपास आहे. त्याखाली शहाबादी फरशी ठेवून तो भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवला, आणि ती धडधड जवळजवळ गेली. नाचणाऱ्या लोकांमध्ये चालायला केलेली मशीन आहे, तिला हे झेपतं.

आता सुईचं. डीजेच्या बऱ्याच कार्ट्रिज (सुई बसवलेला आर्मच्या टोकाचा भाग) रेकॉर्डवर तीन-चार ग्रॅम दाब देऊन चालतात, कारण रेकॉर्ड मागंपुढं ओढताना सुई उडू नये. घरी ऐकायच्या कार्ट्रिजला साधारण दोन ग्रॅम किंवा त्याहून कमी पुरतं. शिवाय डीजेची सुई बहुधा गोल टोकाची असते. सुई जसजशी लेबलकडे सरकते तसतसा सुईखालून जाणाऱ्या खाचेचा वेग कमी होतो, खाचेतल्या आवाजाच्या लाटा दाटीनं येतात, आणि गोल टोक त्यांच्या आत शिरत नाही. आपल्या एलपींमध्ये नेमकी द्रुत बंदिश तिथंच असते. पंडित भीमसेन जोशी यांची वेगवान तान शेवटच्या इंचात खरखरीत वाटली तर दोष गळ्याचा नव्हे, बहुतेक वेळा सुईचाच असतो. लंबगोल टोकाची कार्ट्रिज बसवा (मी ऑर्टोफॉन टू-एम रेड १.८ ग्रॅमवर लावतो), आणि ती सुईचा कोन मापायच्या साच्यावर नीट जुळवून घ्या. हा खर्च टाळू नका.

प्लॅटरवरची फेल्टची चकती काढा, जाड रबरी मॅट घाला. फेल्टवर स्थिर वीज साचते, एलपी उचलताना चकती सोबत येते, आणि इथल्या उन्हाळ्यात धूळ तर आहेच.

घेण्याआधी तिथंच बघा. आर्म दोन बोटांनी हळूच हलवा, मुळाशी खडखड आली तर सोडून द्या. पिच (वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी) शून्यावर ठेवून प्लॅटरच्या कडेवरची मोठ्या ठिपक्यांची ओळ स्थिर दिसते का पाहा. मागची पट्टी वाचा: जपानहून आलेली मशीन १०० व्होल्टची असते, तिला ट्रान्सफॉर्मर लागेल. यात फोनो प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) नाही, तुमच्या ॲम्प्लिफायरला फोनोचं इनपुट आहे का तेही बघा. आणि आठवण म्हणून सांगतो, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर मार्क टूवर तो वेगच नाही, आणि त्यांना सुईही वेगळी, जाड लागते.

सरळ आर्मची एखादी डीजे मशीन दाखवली तर ती मात्र नको. तिचा आर्म स्क्रॅचिंगसाठी असतो, त्यात सुईचा कोन खाचेशी जुळत नाही, आणि कार्ट्रिज बदलूनही तो दोष जात नाही. आर्म एस आकाराचा असेल तर घेऊन या.