ऊसतोडीला गेलेल्या मुलांची माहिती शाळेने दुसऱ्या खात्याला द्यावी का?

प्रश्न बीडच्या एका शिक्षकांचा आहे: दिवाळीनंतर वर्गातली निम्मी पोरं आईबापांसोबत साखर कारखान्यावर जातात, तर त्यांची नावं अंगणवाडी किंवा बाल संरक्षण कक्षाला कळवली तर गोपनीयतेचा भंग होतो का?

नाही होत. पण कुणाला आणि किती कळवायचं, हे बघावं लागतं. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नं बंदी घातलीय ती प्रकरणातल्या मुलाची ओळख जगजाहीर करण्यावर. कामासाठी एका खात्यानं दुसऱ्याला कळवणं त्यात येत नाही. उलट बेवारस, निराधार मूल आढळलं तर कलम 32 प्रमाणे 24 तासांत 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन), पोलीस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला सांगणं बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी कळवावंच लागतं, तिथं सरपंचांना विचारत बसू नका.

खरी गोची वेगळीच आहे. शाळेची नोंद एका पोर्टलवर, अंगणवाडीची पोषण ट्रॅकर या ॲपवर, लसीकरण आशाताईंच्या वहीत. मूल सांगली-कोल्हापूरकडं गेलं की तिन्हीकडं नुसतं 'स्थलांतरित'. म्हणून ऊसतोडीची टोळी निघायच्या आधीच मुकादमाकडून कारखान्याचं नाव घ्या, शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून मुलाला तिकडच्या शाळेत बसता येतं) भरून पालकांच्या हातात द्या. एखादी मुलगी आजीकडं मागं राहत असेल आणि तिचं लग्न लवकर लावतील अशी भीती असेल तर ग्रामसेवकाच्या कानावर घाला, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात.

आणि हो, हे सगळं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोसकट टाकू नका. आमच्याकडं एका पोरीच्या बाबतीत हे झालंय. मग तिनं शाळेत तोंड दाखवलं नाही.