रेड फ्लॅग कायदा: तक्रार झाली की बंदूक गेली, इतकं ते सोपं आहे का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत 'रेड फ्लॅग' कायद्याखाली कुणीही तक्रार केली तर पोलीस घरात येऊन बंदुका उचलून नेतात हे खरं का, आणि खरं असेल तर तिथले लोक ते चालवून कसं घेतात.

कुणीही तक्रार केली म्हणून नेत नाहीत. पण ज्याची बंदूक आहे त्याचं म्हणणं ऐकून घेण्याआधी नेऊ शकतात, हे मात्र खरं आहे. सगळं भांडण या 'आधी'वरून आहे.

आपल्याकडून बघताना हा वादच मुळात विचित्र वाटतो, कारण आपल्याकडे बंदूक परवान्यावर मिळते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ खाली परवाना देणारा अधिकारी (जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त) सार्वजनिक सुरक्षिततेचं कारण नोंदवून परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो, आणि त्यावर कलम १८ खाली अपील करता येतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत घरात बंदूक ठेवायला परवानाच लागत नाही. मग रद्द करायचं काय? शिवाय दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे शस्त्र बाळगणं हा तिथे नागरिकाचा हक्क आहे. केंद्रीय कायदा काही लोकांना बंदूक ठेवायला बंदी करतो: गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले, मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केले गेलेले, कौटुंबिक हिंसाचारात दोषी ठरलेले किंवा ज्यांच्यावर तसा मनाई हुकूम आहे ते. ज्याला शिक्षा झालेली नाही आणि कुणी कुठे दाखलही केलेलं नाही, पण महिनाभर झोपत नाही, नोकरी गेली आहे, बायकोला 'आता सगळं संपवतो' म्हणतो आणि परवाच दुसरी बंदूक घेऊन आला आहे, असा माणूस या यादीत कुठेच बसत नाही. रेड फ्लॅग कायदा या फटीसाठी आहे. हा तात्पुरता दिवाणी मनाई हुकूम असतो, त्यामुळे तो निघाला म्हणून माणूस आरोपी होत नाही. बहुतेक राज्यांत त्याला 'एक्स्ट्रीम रिस्क प्रोटेक्शन ऑर्डर' म्हणतात.

सुरुवात कनेटिकटने १९९९ मध्ये केली. त्याच्या आदल्या वर्षी राज्य लॉटरीच्या मुख्यालयात एका कर्मचाऱ्याने चार वरिष्ठांना मारून स्वतःवर गोळी झाडली होती. इंडियानाने २००५ मध्ये कायदा केला. तिथे २००४ च्या जानेवारीत पोलिसांनी एका मानसिक रुग्णाच्या बंदुका ताब्यात घेतल्या होत्या, पण ठेवून घ्यायला कायद्याचा आधार नव्हता म्हणून परत दिल्या, आणि ऑगस्टमध्ये त्याने गोळीबार केला. त्यात इंडियानापोलिसचे पोलीस अधिकारी जेक लेयर्ड मारले गेले. कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. खरी लाट आली ती २०१८ मध्ये, फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर. आज वीसहून जास्त राज्यांत असा कायदा आहे. उलट ओक्लाहोमाने २०२० मध्ये आणि टेक्सासने २०२५ मध्ये असे हुकूम चालू द्यायचे नाहीत असाच कायदा केला.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते कॅलिफोर्नियाच्या उदाहरणाने सांगतो, कारण तिथली कार्यपद्धती बरीच तपशीलवार आहे. मे २०१४ मध्ये आयला व्हिस्टा इथे एका तरुणाने सहा जणांना मारलं. त्याच्या आईवडिलांच्या काळजीवरून आधीच पोलीस त्याच्या दारापर्यंत जाऊन आले होते, तो शांत बोलला आणि ते परत गेले. त्यानंतर केलेला कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

अर्ज पोलीस करू शकतात, जवळचे नातेवाईक करू शकतात, एका घरात राहणारे करू शकतात. २०२० पासून तो जिथे नोकरी करतो तिथला मालक, सहकारी आणि शिक्षकही करू शकतात, पण सहकाऱ्याला मालकाची संमती लागते आणि किमान वर्षभर नियमित संबंध असावा लागतो. शिक्षकाला शाळाप्रशासनाची संमती लागते. शेजारी, जुना मित्र, फेसबुकवरचा ओळखीचा यांना थेट अर्ज करता येत नाही. त्यांनी पोलिसांना सांगायचं. फ्लोरिडात तर फक्त पोलीसच अर्ज करू शकतात, घरच्यांनाही तो मार्ग नाही. म्हणजे 'कुणीही' हा शब्द इथेच गळून पडतो.

अर्जाला फी नाही. नमुना जीव्ही-१०० भरायचा आणि जिल्ह्याच्या सुपीरियर कोर्टात द्यायचा. न्यायाधीशाने त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी, तात्पुरता एकतर्फी हुकूम द्यायचा की नाही ते ठरवायचं. दिला तर सुनावणी २१ दिवसांच्या आत. तिथे पुराव्याची पायरी वर चढते: 'स्पष्ट आणि खात्री पटवणारा पुरावा' लागतो, तो जुळवायची जबाबदारी अर्जदाराची. हुकूम कायम झाला तर मुदत एक ते पाच वर्षं. प्रसंग अगदीच हातघाईचा असेल तर पोलीस रात्री-अपरात्री फोनवरूनही न्यायाधीशाकडून तातडीचा हुकूम घेऊ शकतात.

सगळ्यात जास्त अर्ज कुठे कच्चे पडतात, तर निवेदनात. 'तो फार रागीट आहे, मला भीती वाटते' यावर न्यायाधीशाला काहीच करता येत नाही. कायदा त्याला ठरावीक गोष्टी बघायला सांगतो: गेल्या सहा महिन्यांत स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची धमकी दिली का, प्रत्यक्ष हिंसा केली का, गेल्या वर्षभरात त्याची साखळी दिसते का, आधीचा मनाई हुकूम मोडला का. शिवाय बंदूक रोखून धाक दाखवणं, दारू किंवा ड्रग्ज, नुकतीच केलेली बंदूक किंवा काडतुसांची खरेदी हेही बघता येतं. म्हणून निवेदन असं हवं: अमुक तारखेला रात्री नऊच्या सुमारास स्वयंपाकघरात तो काय बोलला, शक्य तितकं त्याच्याच शब्दांत, तेव्हा आणखी कोण हजर होतं, कोणत्या दिवशी कोणता मेसेज आला, त्याचा स्क्रीनशॉट, बंदूक कोणती आणि नेमकी कुठे, म्हणजे पलंगाशेजारच्या खालच्या खणात नऊ एमएमचं पिस्तूल, गॅरेजमधल्या कपाटात रायफल, किल्ली त्याच्या गाडीच्या चाव्यांबरोबर. ही जागा लिहिणं लोकांना किरकोळ वाटतं, पण हुकूम घेऊन जाणाऱ्या पोलिसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. खोटं लिहिलं किंवा छळायला म्हणून अर्ज केला तर तो गुन्हा आहे, हेही अर्ज करणाऱ्याने लक्षात ठेवावं.

हुकूम बजावल्यावर पोलिसांनी मागितल्या तर बंदुका, काडतुसं आणि मॅगझिन तिथल्या तिथे द्यायची. मागितल्या नाहीत तर २४ तासांत पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायच्या आणि ४८ तासांत पावती कोर्टात दाखल करायची. मालकी जात नाही. विक्रेत्यामार्फत विकता येतात, त्याच्याकडे ठेवताही येतात. हुकूम मोडला तर गुन्हा आणि वर आणखी पाच वर्षं बंदी.

परत मिळण्याच्या वाटेवर लोकांचा सर्वांत जास्त जीव मेटाकुटीला येतो, आणि यावर फारसं कुणी बोलत नाही. मुदत संपली की पोलीस बंदुका घरपोच आणून देत नाहीत. राज्याच्या न्याय विभागाकडे फी भरून अर्ज करायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, मग पत्र येतं, आणि ते पत्र दाखवून बंदूक सोडवायची. ज्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झालं नाही त्यालाही हीच वाट. कायद्याला विरोध करणाऱ्यांची ही तक्रार मला पूर्ण रास्त वाटते. सुनावणीत अर्ज फेटाळला गेला तर बंदूक परत करायचा खर्च आणि खटाटोप सरकारनेच करायला हवा.

आता मूळ वाद. विरोधक म्हणतात, माणसाने गुन्हा केलेला नाही, त्याला नोटीस नाही, वकील नाही, आणि घटनेने दिलेला हक्क एका कागदावर काढून घेतला. समर्थक म्हणतात, नोटीस देऊन दोन आठवड्यांनी या म्हटलं तर ते दोन आठवडेच सर्वांत धोक्याचे. दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच घोषणांपेक्षा कायद्यातले बारकावे महत्त्वाचे. एकतर्फी हुकूम ही गोष्ट कायद्याला नवी नाही. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्धचा तात्पुरता मनाई हुकूम असाच निघतो. प्रश्न इतकाच की सुनावणी किती लवकर, पुरावा किती भक्कम, आणि बाजू मांडायला कोण. दिवाणी प्रकरण असल्यामुळे बहुतेक ठिकाणी सामनेवाल्याला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. कोलोरॅडो मात्र देतं, आणि माझ्या मते ती तरतूद प्रत्येक राज्याने उचलावी. इंडियानाची पद्धत मला सर्वांत खडबडीत वाटते: पोलीस वॉरंटशिवाय आधी बंदूक घेऊ शकतात आणि मग ४८ तासांत न्यायाधीशाला लेखी कारण देतात.

सर्वोच्च न्यायालयाने अजून रेड फ्लॅग कायद्यावर थेट निकाल दिलेला नाही. जवळचा निकाल रहिमी खटल्याचा, २१ जून २०२४, आठ विरुद्ध एक: कोर्टाने ज्याला दुसऱ्याच्या जिवाला धोका ठरवलं आहे, त्याचं शस्त्र तात्पुरतं काढून घेणं घटनेत बसतं. पण त्या प्रकरणात नोटीस आणि सुनावणी आधीच झालेली होती. एकतर्फी टप्प्याला तो निकाल आपोआप लागू होत नाही. समर्थक ही गोष्ट बोलताना गाळतात.

उपयोग होतो का? सामूहिक गोळीबाराबद्दल आकड्यांनी सिद्ध करणं अवघड आहे, कारण जे घडलंच नाही ते मोजायचं कसं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातली अशी २१ प्रकरणं प्रसिद्ध झाली. तशी धमकी होती, हुकूम निघाले, पुढे गोळीबार झाला नाही. हुकूम निघाला नसता तर झालाच असता असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. आत्महत्येबद्दलचा पुरावा बराच भक्कम आहे. तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून फार थोडे वाचतात. कनेटिकटमधली १९९९ ते २०१३ ची ७६२ प्रकरणं तपासली गेली तेव्हा साधारण दर १० ते २० जप्त्यांमागे एक जीव वाचल्याचा अंदाज निघाला. चार राज्यांच्या २०२४ च्या अभ्यासात हाच आकडा १७ ते २३ हुकुमांमागे एक असा आला. हा कायदा शाळेतल्या गोळीबारानंतर होतो, पण त्याचा खरा लाभ बंद खोलीत एकट्या बसलेल्या माणसाला होतो. वादात त्याचं नाव क्वचितच निघतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कायदा फसतो तो बहुतेक वेळा कुणी अर्जच न केल्यामुळे. न्यूयॉर्कमध्ये २०२१ च्या जूनमध्ये एका विद्यार्थ्याने शाळेत 'खून आणि आत्महत्या' हा आपला बेत म्हणून लिहून दिलं, त्याला तपासणीला नेलं आणि सोडलं. अर्ज झाला नाही, पुढे त्याने कायदेशीर मार्गाने रायफल घेतली आणि मे २०२२ मध्ये बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये दहा जणांना मारलं. त्यानंतर तिथे पोलिसांना अर्ज करणं बंधनकारक केलं. इलिनॉयमध्ये हायलंड पार्कच्या हल्लेखोराकडून २०१९ मध्ये १६ सुऱ्या, एक खंजीर आणि एक तलवार पोलिसांनी घेतली होती. कायदा होता, अर्ज नव्हता, आणि ४ जुलै २०२२ ला सात जण गेले. मेन राज्यात तर नियमच अडचणीचा होता: आधी माणसाला ताब्यात घ्या, मग वैद्यकीय तपासणी, मग न्यायाधीश. पोलीस पुढच्या हल्लेखोराच्या दारापर्यंत गेले, त्याने दार उघडलं नाही, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ल्युइस्टनला १८ जण मारले गेले. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी घरच्यांना थेट अर्ज करू देणारा कायदा मंजूर केला.

दुसरी चूक बजावणीतली. मेरिलंडमध्ये कायदा लागू झाल्यावर महिनाभराने, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पहाटे सव्वापाचला पोलीस हुकूम घेऊन एका ६१ वर्षांच्या माणसाच्या दारी गेले. त्याने हातात पिस्तूल घेऊन दार उघडलं आणि झटापटीत पोलिसांच्या गोळीने मेला. ज्याच्याकडे बंदूक आहे आणि ज्याचं मन थाऱ्यावर नाही, त्याला झोपेतून उठवून हे काम करू नये. शक्यतो दिवसा, आधी फोन करून त्याला घराबाहेर बोलवावं, आणि संकटातल्या माणसाशी बोलण्याचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी सोबत असावा.

तुमचं कुणी तिकडे असेल आणि प्रश्न त्या काळजीतून आला असेल, तर दोन गोष्टी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने मुळात बंदूक ठेवायलाच बंदी आहे, शिकारीचा परवाना असणं असे थोडेच अपवाद आहेत, त्यामुळे त्याच्याकडे बंदूक असेल तर तोच वेगळा गंभीर प्रश्न आहे. दुसरं म्हणजे, तिथे असणाऱ्याने तातडीच्या वेळी ९११ आणि आत्महत्येच्या विचारांसाठी ९८८ लावावा, पण पुण्या-नाशिकहून ९११ फिरवून तो त्या शहरात लागत नाही. त्या गावच्या पोलिसांचा दहा आकडी क्रमांक आधी शोधून ठेवा, त्या क्रमांकाच्या आधी +१ लावून फोन करा, 'वेल्फेअर चेक' हवा आहे असं सांगा, आणि पत्ता, घरात बंदूक आहे का, असल्यास कुठे, आणि तो शेवटचं नेमकं काय बोलला, हे पहिल्या वाक्यांतच सांगा.