बसून राहतो, तरी बीपी काहून वाढते?

"मॅडम, मी तं नुसता बसून होतो. मंग बीपी काहून वाढलं?" हिंगणघाटच्या आसपासच्या गावांतून येणारी धडधाकट माणसं हे मला वारंवार विचारतात. शिबिरात एकदा आकडा जास्त निघतो आणि डोक्याची नस फुटायची धास्ती बसते.

प्रभाकरभाऊ (नाव बदललं आहे) त्यातलेच. चाळिशीतले कास्तकार. डॉक्टरांनी नीट तपासून निर्धास्त राहायला सांगितलं होतं, तरी घरी मशीन आणून दिवसभर पट्टा बांधणं चालू. "डोकं थांबतच नाही. बसलं का कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज."

मी म्हटलं, डोकं थांबत नसतंच. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विसाव्यातही तो सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. हातात काम नसलं की मेंदूतल्या एकमेकांशी जोडलेल्या भागांचं एक जाळं उलट जास्त जागं होतं. मार्कस रेशल या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ते जगापुढे मांडलं. मागचं उगाळणं, पुढचं रंगवणं इथेच चालतं. भावना सांभाळणारे मेंदूचे भाग खाली मेंदूच्या देठाशी जोडलेले आहेत. मानेतल्या रोहिणीतून रक्तदाबाची खबर तिथे पोचते आणि तिथूनच हृदयाला, रक्तवाहिन्यांना हुकूम सुटतो. निरोगी माणसातही ही ये-जा अखंड चालते, म्हणून आकडा दिवसभर खालीवर होतो. तो बिघाड नव्हे.

समजावून सांगितलेलं पटतं, पण धास्ती जात नाही. म्हणून एकदा मी त्यांना मशीन सोबत आणायला लावली. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. १२२/७८. पट्टा तसाच ठेवून म्हटलं, "आता कर्जाचं सांगा," आणि बटण दाबलं. १४१/८८.

ते आकड्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग मी रोज घरी मोजतो, थे काय मोजतो?"

"तुम्हीच सांगा."

"माही धास्ती."

पट्टा त्यांनी स्वतःच सोडला आणि तासभर फक्त कर्जाबद्दल बोलले. तोवरच्या सगळ्या भेटींत बोलणं आकड्यांचंच होतं. आकड्याची भीती बहुतेकदा दुसऱ्या भीतीवरचं झाकण असते, हे माझं ठाम मत आहे. ते झाकण माणसाने आपल्या हाताने उचललं, तरच पुढचं काम होतं.

तुम्हालाही अशी धास्ती असेल, तर विचार हाकलत बसू नका. श्वास संथ करा, मिनिटाला सहाच्या आसपास, सोडताना जास्त वेळ घ्या. खर्रा किंवा चहानंतर अर्धा तास मोजू नका. तंबाखूने दाब काही मिनिटांतच चढतो. झोपेत दाब उतरायला हवा, पण रानडुकरांपायी रात्रभर जागल केली तर तो उतरणार कधी? प्रभाकरभाऊंनी जागलीच्या पाळ्या धाकट्या भावासोबत वाटून घेतल्या, त्याचा फार फायदा झाला.

घरची सरासरी काही दिवस १३५/८५ किंवा त्याहून वर राहिली, तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हातातलं बळ गेलं, तर आकडा बघत न बसता १०८ ला फोन करा.