विमा कंपनीचा कागद, पुढे आलेले पेन आणि वकिलाचा प्रश्न

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात राहते. वय ४२. घरी आंबापोळी, फणसपोळी आणि कोकम आगळ करून मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवते. त्यातून महिन्याला सरासरी बारा हजार रुपये सुटतात. साडेतीन महिन्यांपूर्वी शृंगारतळीच्या बाजारातून रिक्षाने परतत असताना वळणावर समोरून आलेल्या मोटारीने धडक दिली. माझ्या उजव्या मांडीचे हाड आणि उजवे मनगट मोडले. चिपळूणला शस्त्रक्रिया होऊन मांडीत रॉड आणि मनगटात प्लेट बसवली आहे. आता चालता येते, पण मूठ आवळत नाही. आंबा पिळता येत नाही, रसाचे पातेले उचलता येत नाही. मोटारीच्या विमा कंपनीतर्फे आलेल्या गृहस्थांनी एक लाख वीस हजार रुपयांत ‘सर्व मागण्या मिटल्या’ असे लिहिलेला कागद आणून सहीसाठी पेनही पुढे केले. यजमान म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. डोंबिवलीचा पुतण्या म्हणतो, मुंबईचा एक वकील मिळणाऱ्या रकमेच्या तीस टक्क्यांवर काम करायला तयार आहे. रिक्षावाला आमच्याच वाडीतला असून चूक त्याचीही होती, असे मोटारवाल्याचे म्हणणे आहे. त्याला कोर्टात खेचणे माझ्या जिवावर येते. मी वकील करावा का?
(नाव प्रसिद्ध न करण्याच्या विनंतीवरून)

उत्तर : ताई, आपल्या बाबतीत वकील करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधी एक गोष्ट आजच करावी, ती म्हणजे तो कागद सही न करता परत करावा.

प्रत्येक अपघातात वकील लागतोच असे मी म्हणणार नाही. गुडघा खरचटला, चार टाके पडले, पंधरा दिवसांत माणूस कामाला लागला आणि औषधांची बिले हातात आहेत, अशा वेळी विमा कंपनीने बिले आणि बुडालेली मजुरी भरून दिली, तर तेवढ्यावर समाधान मानण्यात काही चूक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४९ मध्ये अशा तडजोडीची सोय आहे. पोलिसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाकडे, पाठवलेला अपघाताचा अहवालही भरपाईचा अर्ज म्हणून विचारात घेता येतो. पण दुखापत बरी झाल्यावरही शरीरात काही उणे उरणार असेल, किंवा चूक कोणाची यावर वाद असेल, तर एकट्याने पुढे जाऊ नये. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी आहेत.

आता त्या एक लाख वीस हजारांकडे पाहू. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत ‘गंभीर दुखापत’ आहे, आणि गंभीर दुखापतीसाठी चूक कोणाची हे सिद्ध न करताही मागता येणारी रक्कम कलम १६४ प्रमाणे अडीच लाख रुपये आहे. म्हणजे आपल्यापुढे ठेवलेला आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. शिवाय कलम १६४ खालची रक्कम कलम १४९ च्या पद्धतीने एकदा स्वीकारली, की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा अर्ज संपुष्टात येतो. पूर्ण भरपाई किती होऊ शकते, त्याचा अंदाज देतो. महिना बारा हजार धरले तर वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार होतात. आपली कमावण्याची क्षमता समजा २० टक्क्यांनी घटली, तर वर्षाचे नुकसान २८,८०० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात घालून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे ४१ ते ४५ वयासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचे तो आकडा, १४ आहे. म्हणजे ४,०३,२०० रुपये. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या ४० ते ५० वयाच्या व्यक्तीसाठी भविष्यातील वाढीचे २५ टक्के धरले, की रक्कम ५,०४,००० होते. शस्त्रक्रियेचा खर्च, पुढे रॉड काढण्याचा खर्च, चिपळूणच्या फेऱ्या, घरी मदतीला ठेवलेली बाई, सोसलेल्या वेदना, हे सर्व त्याहून वेगळे. एवढे मिळेलच असे वचन मी देत नाही, कारण २० टक्के हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. पण सहीची किंमत काय, ते आपल्या ध्यानात यावे.

खरी लढाई त्या टक्केवारीवरच होते, आणि वकिलाची गरज इथेच सर्वाधिक भासते. डॉक्टर प्रमाणपत्रात हाताचे किंवा पायाचे अपंगत्व लिहितात. न्यायाधिकरणाला मात्र त्या अपंगत्वाने पोटापाण्याच्या कामावर काय परिणाम झाला, हे ठरवायचे असते. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात २०१० मध्ये सविस्तर सांगितला आहे. मनगट पुरते वळत नसेल, तर कारकुनाचे जे नुकसान होते त्याहून आंबा पिळून, ताटात रस पसरून पोळी सुकवणाऱ्या बाईचे नुकसान कितीतरी मोठे असते. पण हे न्यायाधीशांपुढे आपोआप उभे राहत नाही. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते, त्यांना नेमके प्रश्न विचारावे लागतात आणि कंपनीच्या वकिलाच्या उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. माझ्या वकिलीच्या काळात केवळ प्रमाणपत्र जोडले आणि डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत, म्हणून अर्धी भरपाई हातची गेलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते.

मुदतीबाबत ढिलाई नको. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खालील अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मर्यादा आहे. या अटीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर आपण थांबू नये. आपल्या हातात अडीच महिने आहेत. उपचार पूर्ण झाले नसले तरी अर्ज दाखल करता येतो, अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागाहून जोडता येते. अर्ज आपण राहता त्या जिल्ह्यातही करता येतो, म्हणून मुंबईच्या वकिलाची गरज मला दिसत नाही. अपघात इथला, पोलीस ठाणे इथले, डॉक्टर चिपळूणचे. तारखेला सहज पोहोचणारा रत्नागिरी जिल्ह्यातला वकील आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

आणि ते तीस टक्के! बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या शिखर संस्थेच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही मागता येत नाही. जो पहिल्याच भेटीत हा नियम मोडतो, त्याच्या हाती आपले कागद देऊ नयेत. फी आधी ठरवावी, लिहून घ्यावी आणि प्रत्येक वेळी पावती मागावी. फीची ऐपत नसेल तरी अडू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

यजमानांची धास्ती मला समजते, कारण हे दावे लांबतात. परंतु आपल्याला प्रत्येक तारखेला जावे लागत नाही, आणि मंजूर रकमेवर अर्जाच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. मध्येच योग्य आकडा पुढे आला, तर लोकअदालतीत तडजोडही होऊ शकते. तडजोडीला माझा विरोध नाही. अपंगत्व मोजले जाण्याआधी केलेल्या तडजोडीला आहे.

रिक्षावाल्याबद्दल आपल्याला वाटते ती माया मला मोलाची वाटते, म्हणून नीट सांगतो. आपण प्रवासी होता, आपली काहीच चूक नव्हती. दोन वाहनांची चूक असली तरी निर्दोष प्रवाशाला दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. तरीही वकील बहुधा मोटार आणि रिक्षा दोन्हींचे मालक व विमा कंपन्या यांना सामनेवाले करतील, कारण मोटारवाल्याने दोष रिक्षावर ढकलला तर आपली बाजू लंगडी पडू नये. विमा चालू असेल आणि परवाने ठीक असतील, तर पैसे कंपनी भरते, रिक्षावाल्याच्या खिशातून जात नाहीत. नोटीस पोहोचण्याआधी यजमानांनी त्याच्या घरी जाऊन हे स्वतः सांगावे आणि त्याच्या विम्याच्या कागदाची व लायसन्सची प्रत मागून घ्यावी. त्याची साक्ष आपल्याच कामी येणार आहे.

वकिलाकडे जाताना पहिल्या खबरेची (एफआयआरची) व पंचनाम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, सर्व एक्स-रे आणि बिले न्यावीत. उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून बिचकू नये. बचत गटाचे पासबुक, एस.टी.ने पाठवलेल्या पार्सलच्या पावत्या, गिऱ्हाइकांनी मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि आपली ऑर्डरींची वही, हाच पुरावा. ती वही अपघाताच्या तारखेपाशी थांबली असेल, तर पुढच्या पानापासून पुन्हा लिहू लागा : कोणत्या दिवशी कोणाची किती किलो आंबापोळीची ऑर्डर नाकारावी लागली आणि जी घेतली तिच्यासाठी रस काढायला कोणाला किती मजुरी दिली.