भर कार्यक्रमात डेक बिघडतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

लॅपटॉपमधली गाणी हाताने तबकडी फिरवून वाजवणारे डीजे टर्नटेबलवर, म्हणजे डेकवर, टाइमकोडची तबकडी ठेवतात. या तबकडीवर गाणे नसते. तिच्यावर एक सलग स्वर कोरलेला असतो. सुई तो उचलते, ऑडिओ इंटरफेस तो लॅपटॉपला देतो आणि सॉफ्टवेअर त्यावरून तबकडी कोणत्या दिशेने, किती वेगाने फिरते आहे व सुई नेमकी कोठे टेकली आहे हे ओळखून त्याबरहुकूम गाण्याची फाइल वाजवते. या साखळीतला एखादा दुवा ऐन कार्यक्रमात निखळला तर काय करावे, अशी विचारणा करणारी पत्रे या वेळी अधिक आली, म्हणून हे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : पुण्यात कोरेगाव पार्कमधल्या एका गच्चीवर मागच्या महिन्यात माझा दोन तासांचा सेट होता. चाळिसाव्या मिनिटाला डाव्या डेकवरचे गाणे अडखळू लागले. वेग कमी-जास्त होई, मध्येच गाणे उलटे फिरल्यासारखे वाटे. सॉफ्टवेअरमध्ये एरवी जे हिरवे वर्तुळ दिसते, त्याची सरळ रेघ झाली होती. साउंडवाले दादा म्हणाले, लॅपटॉप अडकला असेल. मी तो बंद करून पुन्हा सुरू केला, चार मिनिटे गच्चीवर शांतता होती, आणि त्यानंतरही दोष तसाच राहिला. मी काय करायला हवे होते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लॅपटॉप बंद करायला नको होता, एवढे आधी स्पष्टपणे सांगतो. दोष एकाच डेकवर असेल आणि दुसरा डेक व्यवस्थित चालत असेल, तर लॅपटॉपवर संशय घेण्याचे कारण फारसे उरत नाही, कारण लॅपटॉप दोन्ही डेकना सामाईक असतो. अशा वेळी पहिले काम दुरुस्तीचे नसून गाणे चालू ठेवण्याचे असते. बिघडलेला डेक इंटर्नल मोडवर टाकला की त्यावरचे गाणे तबकडीचे ऐकणे सोडून देते आणि साध्या फाइलसारखे पुढे वाजत राहते. सेराटो या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी आयएनटी हे बटण आहे, ट्रॅक्टर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला इंटर्नल प्लेबॅक म्हणतात. हे बटण कोठे आहे ते अंधारातही बोटांना ठाऊक असले पाहिजे. घरी रियाज करताना रोज एकदा तरी चालू गाण्यावर सुई उचलून ते दाबण्याची सवय लावून घ्या.

आता त्या रेघेकडे वळू. टाइमकोडचा स्वर डाव्या आणि उजव्या अशा दोन चॅनेलवर कोरलेला असतो, आणि एक चॅनेल दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागे असतो. सेराटोच्या तबकडीवर हा स्वर १००० हर्ट्झचा असतो. ट्रॅक्टरच्या पहिल्या तबकडीवर तो २००० आणि नंतरच्या तबकडीवर २५०० हर्ट्झचा आहे. स्वर चढला की तबकडी वेगात आहे आणि उतरला की हळू आहे, हे सॉफ्टवेअरला एका चॅनेलवरूनही कळते. पण ती पुढे जाते आहे की मागे, हे दोन चॅनेलपैकी कोण आधी पोहोचतो यावरूनच ठरते. दोन्ही चॅनेल नीट आले तर पडद्यावर वर्तुळ उमटते. एक चॅनेल गेला की वर्तुळ चपटे होऊन त्याची रेघ होते, दिशा समजत नाही आणि गाणे भरकटते. म्हणजे त्या रात्री तुमच्या डाव्या डेकचा एक चॅनेल तुटला होता, हे त्या रेघेनेच तुम्हाला सांगितले होते.

तो कोठे तुटला हे शोधण्याची माझी पद्धत अदलाबदलीची आहे, आणि तिला लागतो मिनिटभर वेळ. उजव्या डेकवरचे गाणेही इंटर्नल मोडवर टाका आणि दोन्ही टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्यांची) हेडशेल, म्हणजे दांडीच्या टोकाचे सुटे होणारे भाग, आपसांत बदलून पाहा. रेघ उजव्या डेकवर गेली, तर दोष हेडशेल, कार्ट्रिज (सुईच्या हालचालीचा सिग्नल बनवणारा भाग) किंवा सुईत आहे. जादा हेडशेल लावा आणि पुढे चला. रेघ डावीकडेच राहिली, तर दोन्ही डेकच्या सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबल इंटरफेसच्या मागे एकमेकींच्या जागी लावा. आता रेघ सरकली, तर दोष टर्नटेबलमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये आहे; सरकली नाही, तर इंटरफेसच्या त्या इनपुटमध्ये आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र कटाक्षाने पाळा. घाईत तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि डेक चालू झाला, तर खरा दोष कोणता होता ते कळत नाही आणि तो पुढच्या कार्यक्रमात पुन्हा समोर येतो. केबल हलवताना डाव्या-उजव्या पिना उलट लागणार नाहीत याकडेही लक्ष ठेवा. त्या उलट लागल्या तर वर्तुळ सुरेख गोल दिसते आणि गाणे मात्र उलटे वाजते.

माझ्या अनुभवात असा दोष बहुतेक वेळा हेडशेलपाशीच सापडतो. हेडशेल काढून त्याच्या मागच्या बाजूला पाहिले तर चार बारीक पिना दिसतात. हातांचा घाम आणि हवेतला दमटपणा यांनी त्या काळवंडतात. शाळेतल्या पेन्सिलीच्या खोडरबराने त्या हलक्या हाताने घासायच्या, रबराचा चुरा कोरड्या कापडाने पुसून काढायचा आणि टोनआर्मच्या टोकाची कडी घट्ट फिरवायची. पुष्कळदा एवढ्यावर वर्तुळ परत येते. पिनांवर थुंकी लावून हेडशेल बसवण्याची जुनी सवय अनेकांना आहे, तिने त्या वेळेपुरते काम होते, पण पिना आणखी लवकर खराब होतात. खोडरबराने भागले नाही, तर कार्ट्रिजच्या मागच्या चार वायरी पाहा : पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलची, लाल आणि हिरवी उजव्या चॅनेलची. यांतली एखादी नुसती टेकलेली असते, सबचा, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरचा, ठोका बसला की सुटते आणि पुन्हा टेकते. तुमचा दोष चाळीस मिनिटांनी सुरू झाला, यावरून मला याच वायरींचा संशय अधिक येतो.

प्रश्न : लॉनवरच्या एका रिसेप्शनमध्ये जनरेटरवर काम होते. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून किरकिर आणि घुमणारा आवाज येई, काढला की थांबे. त्याच वेळी एका डेकचे वर्तुळ जाड, केसाळ दिसत होते. डेकोरेशनवाल्यांच्या माणसाने चार्जरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितले. तसे करावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच करू नका, आणि दुसऱ्या कोणालाही करू देऊ नका. उघड्या लॉनवर, ओल्या गवतावर, जनरेटरच्या विजेवर काम करताना ती पिन तुमचा जीव वाचवण्यासाठी असते. आवाज घालवण्याचे इतर मार्ग आहेत.

तुमच्या पत्रात दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. चार्जरबरोबर येणारा आणि जाणारा आवाज अर्थिंगच्या वेटोळ्याचा आहे. लॅपटॉपला अर्थ एका बोर्डातून मिळतो आणि मिक्सर व अँप्लिफायरला लांबच्या दुसऱ्या बोर्डातून. दोन्हींत थोडा फरक असला की तो यूएसबी आणि ऑडिओ केबलच्या जाळीवरून वाहू लागतो आणि स्पीकरमध्ये ऐकू येतो. लॅपटॉप, इंटरफेस, मिक्सर आणि शक्य असल्यास टर्नटेबल हे सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरीही आवाज राहिला, तर मिक्सरच्या आउटपुटवर ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर (दोन्ही बाजूंच्या तारांचा थेट जोड तोडणारी छोटी पेटी) बसवा. बऱ्याच साउंडवाल्यांच्या पेटीत तो असतो, फक्त मागावा लागतो. तात्पुरता उपाय म्हणून लॅपटॉप बॅटरीवर चालवता येतो, मात्र त्याआधी वीज वाचवण्याची सेटिंग बंद करा, नाहीतर प्रोसेसर मंदावून गाण्यात टकटक सुरू होईल.

केसाळ वर्तुळाचा दोष निराळा आहे. टर्नटेबलच्या आरसीए केबलबरोबर एक बारीक सुटी वायर येते, तिच्या टोकाला छोटी दुबेळक्याच्या आकाराची पट्टी असते. ती ग्राउंडची वायर. ती सुटली तर ५० हर्ट्झची घुमघुम सुईच्या सिग्नलमध्ये मिसळते. साध्या तबकडीवर ती स्पीकरमधून लगेच ऐकू येते. टाइमकोडमध्ये सुईचा सिग्नल स्पीकरपर्यंत जातच नसल्यामुळे ती कानाला कळत नाही, डोळ्यांना वर्तुळात दिसते. म्हणून कान ज्याला दोष म्हणत नाहीत तोही पडद्यावर पाहण्याची सवय ठेवावी लागते. आणि ही वायर मिक्सरला नव्हे, तर ज्या उपकरणात त्या टर्नटेबलच्या आरसीए पिना जातात त्याच्याच ग्राउंडच्या स्क्रूला आवळायची. इंटरफेस वेगळा असेल तर तिथे पुष्कळजण चुकतात.

प्रश्न : वागातोरला समुद्राकाठच्या एका शॅकमध्ये मी दर शनिवारी वाजवतो. रात्री आवाज वाढला की हाताने धरून ठेवलेली तबकडी स्थिर असतानाही गाणे थरथरत पुढे सरकते, आणि बेसच्या जागी सुई उडते. टेबल लाकडी फळ्यांच्या जमिनीवर आहे.
– एक वाचक, गोवा

उत्तर : पोकळ फळ्यांची जमीन म्हणजे एक मोठा ढोलच असतो. सबचा ठोका फळ्यांतून टेबलात, टेबलातून टर्नटेबलात आणि तेथून सुईत पोहोचतो. सुईला ती हालचालच वाटते. शॅकच्या मालकांना विनंती करून सब फळ्यांवरून उतरवून वाळूवर ठेवून घ्या, निदान टेबलापासून दूर सरकवून घ्या. मग प्रत्येक टर्नटेबलखाली फरशीची जड लादी आणि लादीखाली जाड फोम, असा थर द्या. लादीच्या वजनामुळे तिला हलवणे अवघड होते आणि उरलेला हादरा फोम पचवतो. फोमशिवाय नुसती लादी, किंवा लादीशिवाय नुसता फोम, यांचा उपयोग फार कमी होतो.

त्यानंतर सॉफ्टवेअरकडे या. सिग्नल किती बारीक असला तर तो गोंगाट समजून सोडून द्यायचा, ही मर्यादा सेराटोमध्ये ठरवता येते. सुई थांबलेल्या तबकडीवर ठेवा, कार्यक्रमात असतो तेवढ्याच मोठ्या आवाजात दुसरीकडून गाणे लावा आणि मग ती मर्यादा ठरवा. दुपारी शांततेत ठरवलेली मर्यादा रात्री उपयोगी पडत नाही, आणि तुमचे गाणे सरकण्याचे कारण मला तेच दिसते. मर्यादा गरजेपेक्षा वर नेली तर तबकडी अगदी सावकाश फिरवतानाची हालचाल सॉफ्टवेअर गाळून टाकेल, हेही लक्षात असू द्या.

सुई उडत असेल तर रिलेटिव्ह मोड वापरा. अॅब्सोल्यूट मोडमध्ये सुई जिथे पडेल तिथे गाणेही उडी मारते. रिलेटिव्हमध्ये फक्त दिशा आणि वेग पाहिला जातो, त्यामुळे सुई दोन खाचा ओलांडून गेली तरी ऐकणाऱ्याला बहुधा कळत नाही. टोनआर्मचे वजन मात्र कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवा. मागचे वजन उलटे बसवून किंवा हेडशेलवर नाणे चिकटवून दाब वाढवला तर सुई आणि तबकडी दोन्ही झिजतात. समुद्राच्या वाऱ्याने टोनआर्म हलत असेल, तर वाऱ्याच्या बाजूला पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी उभी करा.

दोन लहान पत्रांना येथेच उत्तर देतो. नाशिकच्या वाचकाने लिहिले आहे की, नव्या ठिकाणच्या टर्नटेबलवर प्रत्येक गाणे साधारण ३५ टक्के जास्त वेगाने धावते. टर्नटेबल मिनिटाला ४५ फेऱ्यांवर आहे आणि सॉफ्टवेअर ३३ १/३ धरून बसले आहे. दोन्हींचा भागाकार बरोबर १.३५ येतो. टर्नटेबलवरचे ३३ चे बटण दाबले की काम झाले.

ठाण्याच्या वाचकाने मित्राचा ऑडिओ-टेक्निका एलपी १२० आणला, तर वर्तुळ फुगून चौकोनी झाले. त्या टर्नटेबलमध्ये प्री-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा भाग, आतच असतो. सुईचा मूळ सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. आतल्या प्री-अँपने तो वाढवला आणि पुढे इंटरफेसच्या फोनो (सुईच्या बारीक सिग्नलसाठीच्या) इनपुटने पुन्हा वाढवला, म्हणून तो फाटतो. टर्नटेबलच्या मागचा स्विच फोनोवर करा, म्हणजे आतला प्री-अँप बाजूला राहील. टेक्निक्स एसएल-१२०० एमके २ मध्ये असा प्री-अँपच नसतो, म्हणून त्यावर हात बसलेल्या माणसाच्या हा स्विच ध्यानातही येत नाही. मी स्वतः एका कार्यक्रमात या स्विचपायी वीस मिनिटे केबल बदलत बसलो होतो.

प्रश्न : माझ्या जुन्या तबकडीवर गाण्याच्या सुरुवातीला सिग्नल ७० टक्क्यांवर घसरतो, पुढे गेल्यावर सुधारतो. सुई बदलावी की तबकडी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लक्षणे तबकडीची आहेत. बहुतेक गाणी आपण सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतच मागे-पुढे करतो, स्क्रॅचही तिथेच होतो, त्यामुळे बाहेरच्या कडेच्या खाचा आधी झिजतात. खात्रीसाठी तीच सुई, त्याच डेकवर, कोऱ्या तबकडीच्या सुरुवातीला टेकवून पाहा. आकडा शंभराच्या जवळ गेला तर सुई निर्दोष आहे. जुनी तबकडी उलटवा, दुसरी बाजू बहुधा कमी वापरलेली असते. कोऱ्या तबकडीवरही आकडा घसरला तर सुई बदला. तुमच्याकडे शुअरची एम ४४-७ आहे असे पत्रात आहे. शुअरने कार्ट्रिज आणि सुया बनवणे २०१८ मध्ये थांबवले, तेव्हा बाजारात नवी म्हणून मिळणारी प्रत्येक सुई खरी असेलच असे नाही. तिच्यासाठी जपानची जिको ही कंपनी सुया बनवते, त्या घ्या, आणि बसवल्यावर टोनआर्मचे वजन पुन्हा तपासा.