ब्रीडरकडून सोडवलेली लॅब (लॅब्रॅडॉर कुत्री) कोपऱ्यातून हलत नाही, घरातच घाण करते. ती कधी रुळेल?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: लॅब साधारण सहा वर्षांची आहे, पिल्लं काढण्यासाठी ठेवलेल्या कुत्र्यांपैकी एक, एका संस्थेने सोडवली आणि तुम्ही दत्तक घेतली. दोन आठवडे झाले तरी ती सोफ्यामागून बाहेर येत नाही. तुम्ही खोलीतून गेलात की मगच खाते, शी-शू तिथेच करते. आई-बाबा म्हणतायत परत देऊन टाक. आणि तुम्ही विचारताय, आपल्या प्रेमात काय कमी पडतंय?

कमी काही पडत नाहीये. उलट थोडे दिवस प्रेम जरा आवरतं घ्या, असंच मी सांगेन.

मी पुण्यात राहते आणि अशा कुत्र्यांना कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते. पैदाशीच्या माद्यांचं आयुष्य बहुतेक वेळा पत्र्याच्या शेडमध्ये, जाळीच्या पिंजऱ्यात जातं. खाणं, झोपणं, शी-शू, बाळंतपण, सगळं त्या तीन-चार फुटांत. माणूस जवळ येतो तो मेटिंगला न्यायला, नाहीतर पिल्लं उचलायला. पिल्लाला माणसांची, आवाजांची, वेगवेगळ्या जागांची सवय लागते ती तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत. तो काळ जिचा शेडमध्ये गेला, तिच्यासाठी मिक्सर, कुकरची शिट्टी, जिना, पंखा हे सगळं वयाच्या सहाव्या वर्षी पहिल्यांदा घडतंय. तिला तुम्ही आवडत नाही असं नाही. घर ही काय गोष्ट आहे हेच तिला ठाऊक नाही.

माझ्याकडे अशीच एका शेडमधून आलेली बीगल होती, मंजू. तिची नखं वाढून वळली होती, दोन तर तळव्याच्या गादीत रुतली होती. जाळीवर उभं राहून राहून बोटं फाकलेली, पण तळवे मऊ, कारण ते कधी रस्त्यावर घासलेच नव्हते. अख्खा हॉल मोकळा असताना ती मधोमध उभी राहून एकाच दिशेने गोल फिरायची, पिंजऱ्याएवढ्याच जागेत. फरशीचा रंग जिथे बदलतो तिथे थबकायची. कॉलरला पट्टा लावला की जमिनीला चिकटून पडायची, ओढलं तरी उठायची नाही. आमच्याकडे एक म्हातारा देशी कुत्रा आहे, त्याने तिला घर शिकवलं. तो बाल्कनीत गेला की थोड्या वेळाने ती उंबऱ्यापर्यंत यायची. तो माझ्या हातून पोळीचा तुकडा घ्यायचा तेव्हा ती लांबून बघायची. तुमच्या ओळखीत कुणाचा शांत, वयस्क, लसीकरण पूर्ण झालेला कुत्रा असेल तर डॉक्टरांना विचारून त्याला अधूनमधून घरी येऊ द्या. असा कुत्रा आपल्यापेक्षा खूप लवकर समजावतो.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. अमेरिकेत व्यावसायिक पैदास केंद्रांतून सुटून घरांत गेलेल्या १,१६९ कुत्र्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पाळीव कुत्र्यांपेक्षा त्यांच्यात भीती, अंगाला हात लावून न घेणं, घरात घाण करणं, एकटक बघत राहणं हे जास्त आढळलं. अनोळखी माणसांबद्दल आक्रमकपणा मात्र कमी होता. तुमच्या आई-बाबांना हे जरूर सांगा, कारण "चावेल" ही भीती अशा वेळी घरात असतेच. चावायची वेळ येते ती तिला सोफ्यामागून ओढून काढलं तर. ओढू नका.

सोफ्यामागची जागा तिची आहे असं सगळ्यांनी मान्य करा. तिथेच जाड सतरंजी टाका, पाणी जवळ ठेवा. दिवसातून काही वेळ तिच्यापासून चार हात लांब जमिनीवर बसा, पाठ किंवा कूस तिच्याकडे करून, आणि स्वतःचं काहीतरी वाचत राहा. तिच्याकडे बघू नका, हाक मारू नका. उठताना उकडलेल्या चिकनचा तुकडा मागे टाकून जा. डोक्यावरून हात फिरवायचा मोह टाळा. ती आपणहून जवळ आली तर छातीला किंवा हनुवटीखाली हलकेच हात लावा आणि लगेच काढून घ्या. जेवणाच्या, बाहेर नेण्याच्या वेळा रोज त्याच ठेवा. पुढे काय होणार हे तिला आधी कळायला लागलं की भीती उतरायला लागते. पाहुण्यांना तूर्त बोलावू नका, आणि "बघू तरी तुमची लॅब" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनाही नाही म्हणा.

शी-शूबद्दल रागावून काहीही उपयोग नाही. एरवी पिल्लं डोळे उघडून चालायला लागली की झोपायची जागा सोडून थोडं लांब जाऊन शी-शू करतात. ही उपजत स्वच्छता पिंजऱ्यात मारली जाते, कारण लांब जायला जागाच नसते. ती पुन्हा शिकवता येते, पण पिल्लाला शिकवतो तशी पहिल्यापासून: सकाळी उठल्यावर, प्रत्येक जेवणानंतर, झोपण्याआधी एकाच ठिकाणी न्यायचं, झालं की तिथल्या तिथे खाऊ. गवत तिने पाहिलेलंच नसेल, तेव्हा आधी बाल्कनीत वर्तमानपत्र चालेल. फरशी पुसायला फिनाइल वापरू नका, ते पायाला लागतं आणि ती पाय चाटते. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा.

आता डॉक्टर. संस्थेने "चेकअप झालंय" सांगितलं असेल तरी स्वतः एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. आपल्याकडे शेडमधल्या कुत्र्यांना गोचिडताप असण्याची शक्यता फार. कुत्री मलूल असते, हिरड्या फिक्या पडतात आणि आपल्याला वाटतं घाबरली आहे. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्स कमी दिसतात. औषध साधारण चार आठवडे चालतं आणि कुत्री ताजीतवानी वाटायला लागली तरी मध्येच सोडायचं नसतं. दुसरं, मागून रक्त येत असेल तर "हीटवर, म्हणजे माजावर असेल" म्हणून सोडून देऊ नका. मेटिंगमधून पसरणारी एक गाठ आपल्याकडच्या कुत्र्यांत बरीच आढळते, टीव्हीटी म्हणतात तिला. हा कॅन्सरच आहे, पण आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात, म्हणून नाव ऐकून हबकू नका. तिसरं गर्भाशयात पू होणं. हीटनंतर काही आठवड्यांनी ती एकाएकी खूप पाणी प्यायला लागली, खाणं बंद झालं, उलट्या झाल्या तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. त्यात उशीर झाला तर जीव जातो. तब्येत सावरली की नसबंदी करून घ्या. नुकतीच व्यायलेली असेल तर आधी दूध आटू द्यावं लागतं, ते डॉक्टर बघतील. दात, कान, स्तनांमधल्या गाठी हेही बघायला सांगा. आणि ती हाडकुळी असेल तर कीव येऊन एकदम भरपूर खायला घालू नका. उपाशी शरीराला अचानक जास्त अन्न झेपत नाही. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा.

एक गोष्ट आजच करा. कॉलरवर तुमचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला अडकवा, आणि घराबाहेर नेताना कॉलर आणि हार्नेस (छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा) दोन्ही, दोघांना वेगवेगळे पट्टे. घाबरलेली कुत्री मान मागे ओढून कॉलरमधून सटकते आणि मग दिशा न बघता पळत सुटते. हाक मारून ती परत येणार नाही, कारण तिला स्वतःचं नावही अजून नीट कळत नाही. सोसायटीच्या वॉचमनला तिचा फोटो दाखवून ठेवा. लग्नाच्या वरातीतले फटाके दिवाळीची वाट बघत नाहीत.

किती दिवस लागतील? तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं एक गणित लोक सांगतात. घरात वाढलेल्या कुत्र्यांसाठी ते ठीक आहे, पिंजऱ्यातून आलेल्यांसाठी नाही. मंजूला माझ्यासमोर बसून खायला कित्येक आठवडे लागले, शेपूट हलवायला महिने. काही गोष्टी कायम राहतात. अनोळखी पुरुषांना ती आजही बिचकते, पण नव्या घरात पलंगावर झोपते आणि दारात गाडीचा आवाज आला की धावत जाते. तेव्हा आई-बाबांकडून सहा महिने मागून घ्या. परत द्यावीच लागली तर संस्थेलाच द्या, ओळखीतल्या कुणाला परस्पर नको. नसबंदी न झालेली लॅब मादी पुन्हा कुणाच्या तरी शेडमध्ये जायला वेळ लागत नाही.

राहता राहिला तो ब्रीडर, ज्याचा धंदा तुमच्या म्हणण्याप्रमाणे अजून चालू आहे. मला याचा फार संताप येतो. २०१७ मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची. मादी दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांच्या पुढे पैदाशीला वापरायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कागदावर सगळं आहे. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, आणि एक लॅबचं पिल्लू हजारोंना विकलं जातं. नुसत्या दंडाने यातलं कुणी थांबत नाही. नोंदणी आहे का, हा प्रश्न लेखी विचारला गेला की मात्र अडचण होते. म्हणून पोलिसांकडे आणि मंडळाकडे दोन्हीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, सोबत डॉक्टरांचा रिपोर्ट आणि ती आली त्या वेळचे फोटो जोडा. "केसीआय पेपर आहेत" असं तो म्हणेल, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे. ते पेपर वंशावळीचे असतात. आईला कशी ठेवली होती याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. आणि उरलेल्या कुत्र्यांची दया येऊन त्याच्याकडून पैसे देऊन एखादी विकत आणू नका. त्या पैशांत तो रिकाम्या पिंजऱ्यासाठी दुसरी, तरुण मादी आणतो.

तक्रार देण्याआधी संस्थेकडून एक कागद मागून घ्या: ब्रीडरने कुत्रीचा ताबा सोडल्याचं त्याच्या सहीचं पत्र. पोलिसांनी जप्त करून दिली असेल तर ताबा दिल्याच्या कागदाची प्रत. बऱ्याचदा हे तोंडी झालेलं असतं, आणि तक्रार गेली की तोच माणूस "माझी कुत्री चोरली" म्हणत उभा राहतो. सही अजून झाली नसेल तर आत्ता, तो बेसावध असतानाच, संस्थेमार्फत घ्या. एकदा तक्रार गेली की तो सही करणार नाही.